घाटात ड्रायव्हरला गाडी का लागत नाही?

नीलमोहोर

वरंधा, आंबा, कुंभार्ली, कुठलाही घाट घ्या. एसटीतले चार-सहा प्रवासी खिडकीशी डोकं टेकून गप्प झालेले असतात, कोणी आलेपाक चघळतं, कोणी लिंबू हुंगतं, मागच्या सीटवर कोणाला तरी उलटी झालेली असते. ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे तो मात्र ठणठणीत. वळणं तीच, हेलकावे तेच. "त्याला सवय आहे" असं म्हणून आपण विषय सोडतो. पण तोच माणूस दुसऱ्याच्या गाडीत मागे बसला की त्यालाही मळमळू शकतं. म्हणजे नुसत्या सवयीने हे सुटत नाही. वळण कोण घेतंय, यावर बरंच अवलंबून आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. लहान मेंदूत रक्तस्राव झालेले, तिथे गाठ होऊन ऑपरेशन झालेले पेशंट माझ्याकडे येतात आणि या "कोण करतंय" च्या प्रश्नाशी माझी रोज गाठ पडते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हात उचलायचा म्हटलं की मेंदूकडून स्नायूंना हुकूम जातो, इथपर्यंत शाळेत शिकलेलं असतं. शाळेत राहून गेलेला भाग असा, की त्याच हुकमाची एक प्रत मेंदूतच दुसरीकडे जाते. सरकारी पत्राच्या तळाशी "प्रत माहितीस्तव" लिहून खाली नावं असतात, तशी. ज्यांना ही प्रत मिळते ते भाग आधीच हिशोब मांडून ठेवतात: हुकूम अमलात आला तर डोळ्यांना काय दिसेल, कातडीला काय जाणवेल, कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्यांना केवढा हिसका बसेल. मग खरी संवेदना येते. ती हिशोबाशी जुळली तर तिचा आवाज मेंदूत खाली केला जातो. जे जुळत नाही ते बाहेरून आलेलं, त्याच्याकडे लक्ष दे, असा सगळा कारभार. घाटात वळणाचा हुकूम ड्रायव्हरचा, म्हणून प्रत आणि हिशोबही त्याच्याच डोक्यात; प्रवाशाच्या वाट्याला नुसता हिसका.

डोळ्यावर हे लगेच करून बघता येतं. एक डोळा मिटा. उघड्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला, पापणीवरून, बोटाने अगदी हलकेच दाबा. समोरची भिंत हलते. (डोळ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी, काचबिंदू असलेल्यांनी आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी हे करू नका.) आता हात काढा आणि नुसती नजर भिंतीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्या. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर चित्र आधीपेक्षा कितीतरी जास्त सरकलं, तरी भिंत जागची हलली नाही. दोन्हींत डोळाच फिरला. पण पहिल्या खेपेला डोळ्याच्या स्नायूंना हुकूमच गेला नव्हता, त्यामुळे प्रत नाही, हिशोब नाही.

हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात यावर बारकाईने लिहून ठेवलं आहे. त्याने मांडलेली याची उलटी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. डोळ्याचा स्नायू लुळा पडलेला माणूस त्या बाजूला बघायला जातो तेव्हा डोळा जागचा हलत नाही, पण समोरचं जग मात्र सरकल्यासारखं दिसतं. हुकूम सुटला, प्रत पोचली, हिशोब झाला, चित्र काही सरकलं नाही. उरलेला फरक मेंदूने जगाच्या माथी मारला.

तरी कोणी म्हणेल, कशावरून हिशोब? हालचाल करताना मेंदू संवेदनांचं दार नुसतं लावून घेत असेल. या शंकेचं उत्तर एका माशीने दिलं. १९५० साली एरिक फॉन होल्स्ट आणि होर्स्ट मिटेलश्टेट यांनी एरिस्टॅलिस जातीच्या माशीवर काम केलं, दिसायला ती साधारण मधमाशीसारखी असते. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या नळकांड्यात तिला ठेवलं आणि नळकांडं फिरवलं की तीही त्या दिशेने वळते. नजरेसमोरचं जग सरकलं तर आपणही वळून ते स्थिर करायचं, ही तिची उपजत प्रतिक्रिया. नळकांडं स्थिर असताना ती स्वतःहून वळली तरी पट्टे तिच्या डोळ्यांपुढून सरकतातच. मग ती प्रतिक्रिया तिला मागे का खेचत नाही? तेव्हाची रूढ समजूत होती की स्वतःहून हलताना प्रतिक्रिया बंद केली जाते. या दोघांनी माशीचं डोकं १८० अंशांत फिरवून तसंच चिकटवून टाकलं. डावा डोळा उजवीकडे, उजवा डावीकडे. प्रतिक्रिया खरोखर बंद होत असती तर स्वतःहून चालताना डोकं कसंही असो, फरक पडायला नको होता. प्रत्यक्षात माशी वळायला लागली की गोल गोल फिरतच राही. एरवी वजा व्हायचा तो हिशोब आता अधिक होत होता. वळलं की आणखी वळ, आणखी वळलं की अजून आणखी. त्याच वर्षी अमेरिकेत रॉजर स्पेरी यांनी माशाचा डोळा उलटा बसवला, तर तो मासाही गोल फिरत राहिला. दोन्ही गटांनी आपापल्या वाटेने एकच निष्कर्ष काढला. एका छोट्या माशीची मान फिरवून इतक्या मुळातल्या प्रश्नाचा निकाल लागतो, याचं मला आजही विलक्षण वाटतं.

गुदगुल्यांचं कोडंही यातच सुटतं. लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर, डॅनियल वोलपर्ट आणि ख्रिस फ्रिथ यांनी १९९८-९९ मध्ये यावर प्रयोग केले. एका प्रयोगात माणूस डाव्या हाताने एक दांडी हलवतो आणि तेवढीच हालचाल करून यंत्र त्याच्या उजव्या तळहातावर फोमचा तुकडा फिरवतं. यंत्र जागच्या जागी साथ देत असेल तर गुदगुल्या कमी. यंत्राने १०० मिलिसेकंद उशीर केला तर जास्त, २०० मिलिसेकंद केला तर आणखी जास्त, जवळजवळ दुसऱ्याने केल्यासारख्या. सेकंदाचा पाचवा भाग इकडे-तिकडे झाला आणि स्वतःचा हात परका झाला. मेंदूचे स्कॅन घेतले तेव्हा स्वतःच्या स्पर्शाला स्पर्शाचा भाग कमी पेटलेला दिसला, आणि लहान मेंदूचं कामही वेगळं दिसलं.

लहान मेंदू हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. डोक्याच्या मागे, मानेच्या वर, मूठभर आकाराचा. वजनाने सगळ्या मेंदूच्या साधारण दहावा हिस्सा, पण मेंदूतल्या ८६ अब्ज चेतापेशींपैकी सुमारे ६९ अब्ज त्यात आहेत. हा हिशोब मोठ्या प्रमाणात तिथे होतो, असं मानायला आता भरपूर पुरावा आहे. तो बिघडला की काय होतं ते सांगते. पेशंटला मी म्हणते, माझ्या बोटाला बोट लावा, मग स्वतःच्या नाकाला. बोट नीट निघतं. जवळ येता येता थरथर वाढत जाते आणि ते नाकाच्या पुढे निघून जातं किंवा अलीकडेच अडतं. त्याच हाताने माझा पंजा दाबायला सांगितला तर माझी बोटं कळवळतात. ताकद आहे. डोळ्यांनी बघून दुरुस्तीचा हुकूम हातापर्यंत पोचायला दीड-दोनशे मिलिसेकंद लागतात, आणि झटकन केलेली हालचाल तेवढ्यात संपत आलेली असते. आधी मांडलेल्या हिशोबाशिवाय हात नेहमी शिळ्या बातमीवर चालतो.

आणि तरी घरचे सांगतात, "अशक्तपणा आलाय, बदाम-खारीक सुरू केलंय." खाऊ घाला, त्याला माझी ना नाही. पण अडचण ताकदीची नाही, हे एकदा घरात सगळ्यांना कळलं की पेशंटवरचा किती भार उतरतो ते मी बघितलं आहे.

तुमचे अनुभव आणि शंका लिहा.

सह्यकडा

ताई, मी टुरिस्ट गाडी चालवतो. महाबळेश्वर, कोकण, गोवा. मागे बसायची वेळ आली तर पसरणीचा घाट अर्धा चढेपर्यंत माझं डोकं जड होतं, हे अगदी खरं आहे. आमच्या लाइनीत हे सगळ्यांना ठाऊक आहे पण कारण आज कळलं.

एक सांगतो. ज्याला त्रास होतो त्याला मी पुढे घेतो आणि सांगतो, वळण आलं की माझ्याबरोबर तू पण मान वळणाच्या आतल्या बाजूला कलव. बाहेर फेकली जाऊ देऊ नको. पुष्कळांना फरक पडतो.

चिकित्सक_८

लेख आवडला, पण घाटाच्या उदाहरणावर आक्षेप आहे. ड्रायव्हर सतत रस्त्याकडे बघतो. प्रवासी मोबाइलमध्ये किंवा पुढच्या सीटच्या पाठीकडे बघतो. त्याच्या डोळ्यांना गाडी स्थिर दिसते आणि कानाला हलताना जाणवते. एवढ्यावरच मळमळ समजावता येते. हुकमाची प्रत मध्ये आणायची गरज काय?

नीलमोहोर

सह्यकडादादा, तुम्ही अनुभवाने जे करता ते जपानमध्ये २०१२ साली मोजून बघितलं गेलं आहे. वळणावर ड्रायव्हरची मान आत कलते आणि प्रवाशाची बाहेर जाते. प्रवाशांना मुद्दाम ड्रायव्हरसारखी मान कलवायला लावली तर त्रास कमी झाला.

चिकित्सक, आक्षेप रास्त आहे. डोळे आणि कान यांच्यातला बेबनाव हा मळमळीचा मोठा भाग आहेच, म्हणून खिडकीबाहेर लांब बघितल्याने बरं वाटतं. पण तेवढ्याने भागत नाही. रोलनिक आणि लुबो या इस्रायली संशोधकांनी १९९१ साली नेमका हाच प्रश्न घेतला. दोघांची जोडी, दोघांना एकसारखं फिरवायचं, पण फिरणं एकाच्या ताब्यात. हालचाल दोघांच्याही वाट्याला तीच. ताबा असलेल्याला त्रास कमी झाला.

याच्या खालचं यंत्रही बऱ्यापैकी उलगडलंय. कॅथलीन कलेन यांनी माकडांच्या मेंदूच्या देठातल्या, तोलाची खबर घेणाऱ्या पेशींची नोंद घेतली. माकडाचं डोकं दुसऱ्याने फिरवलं तर या पेशी जोरात बोलतात. माकडाने स्वतःहून तेवढंच डोकं फिरवलं तर त्यांतल्या बऱ्याच पेशींचा आवाज खूप खाली येतो. कानाच्या आतल्या नळ्यांतून मात्र दोन्ही वेळा तीच खबर निघालेली असते. ती पुढे पोचताना कापली जाते.

आबोली

हे वाचून घरात काही करून बघता येईल का? मुलं सुट्टीवर आहेत आणि सारखी भांडतायत. "मी हळूच मारलं", "नाही, त्याने जोरात मारलं", दिवसभर हेच.

नीलमोहोर

आबोलीताई, दोन्हींवर सांगते.

किलोभर साखरेची पिशवी घ्या. मुलाने डोळे मिटून, कोपर काटकोनात ठेवून, तळहातावर ती धरायची. आता दुसऱ्या हाताने ती त्याने स्वतःच उचलायची. तळहात जागच्या जागी राहतो. मग पुन्हा पिशवी ठेवा आणि या वेळी तुम्ही उचला. हात झपकन वर जातो. तिसऱ्या खेपेला "एक, दोन, तीन" मोजून उचला. कधी उचलणार ते त्याला माहीत आहे, तरी हात वर जाईल. हे तिसरं खास बघा. वजन जाणार ही माहिती मेंदूला पुरत नाही, उचलणाऱ्या हाताला गेलेला हुकूम लागतो. तो असेल तर धरणाऱ्या हाताचा स्नायू वजन निघण्याच्या थोडा आधीच सैल पडतो.

आणि भांडणाचं म्हणाल तर दोन्ही मुलं खरं बोलतायत. २००३ साली लंडनच्या त्याच गटाने दोघा-दोघांना समोरासमोर बसवून एकमेकांची बोटं यंत्रातून दाबायला लावली. सूचना एकच होती, समोरच्याने जेवढं दाबलं तेवढंच परत दाबायचं. दर खेपेला जोर सरासरी ३८ टक्क्यांनी वाढत गेला. आपण लावलेला जोर आपल्याला कमी जाणवतो, त्यामुळे बरोबरी करायला माणूस प्रामाणिकपणेच जास्त लावतो.

आबोली

केलं! आत्ताच. धाकटी पिशवी स्वतः उचलते तेव्हा हात दगडासारखा स्थिर, आणि दादाने उचलली की थेट खांद्यापर्यंत. मोजून उचलली तरी तेच. तिला वाटतंय दादाच काहीतरी लबाडी करतोय. डोळ्यांवर ओढणी बांधून पुन्हा चाललंय. ३८ टक्क्यांचंही सांगितलं, दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

दूरगावकर

बंद पडलेल्या सरकत्या जिन्याचं काय? मी मुंबईत असताना रोज स्टेशनवर बघायचो. जिना बंद आहे हे दिसतं, पाटी लावलेली असते, तरी पहिल्या पायरीवर पाय टाकताना सगळे पुढे झोकांडी खातात. इकडे बर्लिनमध्येही तेच.

नीलमोहोर

तेच, दूरगावकर. रेनॉल्ड्स आणि ब्रॉनस्टाइन यांनी लंडनमध्ये २००३ साली हे प्रयोगशाळेत आणलं. लोकांना आधी सरकत्या पट्ट्यावर चढायची सवय लावली. मग पट्टा बंद आहे असं स्पष्ट सांगून, दाखवून चढायला लावलं. तरी ते जास्त वेगाने आले आणि छाती पुढे झुकली. पायांनी जो हिशोब शिकून ठेवलाय त्याला डोक्यातली माहिती चटकन पुसता येत नाही. अशा बंद जिन्यावर वयस्कर माणसांचा हात धरा, एवढं या निमित्ताने सांगते.

कीटकवेडी

माझ्या विषयातली भर घालते. नीलमोहोरताईंची माशी आली, आता रातकिडा.

नर रातकिडा पंख पंखावर घासून गातो तेव्हा त्याच्या अगदी जवळ आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. त्याचे कान पुढच्या पायांवर असतात, म्हणजे आवाजाच्या उगमापासून हाकेच्याही अंतरावर नाहीत. तरी तो बहिरा होत नाही, आणि दोन किरकिरींच्या मधल्या शांततेत शत्रूची चाहूल किंवा दुसऱ्या नराचा आवाज त्याला ऐकू येतो. केंब्रिजमध्ये जेम्स पूले आणि बेर्टहोल्ट हेडविग यांनी २००२ मध्ये दाखवलं की गाण्याचा ठेका धरणाऱ्या जाळ्यातूनच ऐकण्याच्या पेशींना नेमक्या त्या क्षणापुरता आवर घातला जातो. पंख कापून गाणं मुकं केलं, ठेका मात्र चालू राहिला, तरी आवर तसाच बसत होता. म्हणजे आवाज ऐकून नव्हे, हुकमावरूनच. २००६ मध्ये त्यांनी हा निरोप वाहून नेणारी पेशी शोधली. प्रत्येक बाजूला एक. माणसात जे काम कोट्यवधी पेशींत विखुरलेलं आहे ते इथे एका पेशीत बोट ठेवून दाखवता येतं.

पावसाळ्यात रात्री एवढा किरकिराट चालतो त्यातला प्रत्येक जण स्वतःला वगळून बाकीच्यांचं ऐकतोय, याने मी थक्क होते.

तबलजी_सातारकर

मी तबला शिकवतो. ऑनलाइन क्लास सुरू केल्यापासून एक गोष्ट छळते. कधी कधी विद्यार्थ्याच्या स्पीकरमधून माझाच तबला मला किंचित उशिरा परत ऐकू येतो. अशा वेळी साधा तीनतालाचा ठेकासुद्धा डगमगतो. बोलताना आवाज परत आला तर जीभ अडखळते. वीसेक वर्षं हात बसलेला असताना असं का व्हावं? याचा या विषयाशी संबंध आहे का?

नीलमोहोर

थेट संबंध आहे. हात बसलेला आहे म्हणूनच जास्त होतं, असं मी म्हणेन. थाप कधी ऐकू यायला हवी याचा तुमचा हिशोब अतिशय काटेकोर आहे, आणि परत येणारा आवाज त्या हिशोबाबाहेर पडतो. माणसाचं बोलणं त्यालाच उशिरा ऐकवलं तर तो अडखळतो, शब्द लांबवतो, हे १९५० पासून माहीत आहे. सगळ्यात जास्त गोंधळ साधारण २०० मिलिसेकंदांच्या आसपासच्या उशिराला होतो. उपाय एकच, तुम्ही वाजवताना विद्यार्थ्याचा माइक बंद आणि दोघांच्या कानाला हेडफोन.

इंद्रायणीकाठ

ताई, तुमचा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. वडिलांना मागच्या वर्षी लहान मेंदूत स्ट्रोक झाला. पेला उचलताना पाणी सांडतं, सदऱ्याचं बटण लागत नाही. हातापायांत ताकद चांगली आहे असं डॉक्टर म्हणाले. घरी येणारे नातेवाईक त्यांना म्हणतात, "मनावर घ्या, जोर लावा." ते बिचारे जोर लावतात आणि जास्त सांडतं. त्यांना वाटायला लागलंय की आपणच कुठेतरी कमी पडतोय. काय करावं?

नीलमोहोर

आधी हे वडिलांना वाचून दाखवा. गॉर्डन होम्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने पहिल्या महायुद्धात लहान मेंदूला गोळी लागलेले सैनिक तपासले आणि पुढे अनेक वर्षं असे पेशंट बघितले. त्यांतल्या एकाने त्याला सांगितलं होतं की माझा चांगला हात आपोआप काम करतो, बिघडलेल्या हाताची मात्र प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. शंभर वर्षांत याहून नेमकं वर्णन माझ्या वाचनात नाही. तुमचे वडील मनावर घेत नाहीत असं नाहीच. ते सगळ्यांपेक्षा जास्त मनावर घेतायत, दिवसभर, प्रत्येक घोटाला. संध्याकाळी ते दमत असतील तर त्याचं कारण हे.

जोर लावला की हालचाल वेगवान होते, आणि वेगात हिशोबाची चूक वाढते. म्हणून "सावकाश" म्हणा, "जोर लावा" कोणी म्हणू नये. सावकाश हालचालीत डोळ्यांकडून आलेली खबर वेळेवर पोचते. पेला घेताना कोपर टेबलावर टेकवून ठेवायचं, म्हणजे एका वेळी एकाच सांध्याचा हिशोब करावा लागतो. पेला अर्धाच भरा. बटण लावताना मनगट छातीला टेकलेलं असू दे. टीव्ही चालू असताना, कोणी बोलत असताना जेवायला बसवू नका. लक्षावरच सगळं चाललंय, ते फोडू नका.

सुधारणा होते का? होते. लहान मेंदू हळूहळू झिजत जाणाऱ्या आजारात होणं जास्त अवघड, तरी जर्मनीत २००९ साली अशा पेशंटना काही आठवडे समन्वयाचे व्यायाम नेटाने दिल्यावर चालण्यात आणि तोलात फरक पडलेला दिसला. स्ट्रोकमध्ये आशा त्याहून जास्त असते. तुमच्या जवळच्या न्यूरो-फिजिओला भेटा आणि समन्वयाचे, तोलाचे व्यायाम मागा. नुसती डंबेल्स नकोत.

कातरवेळ

विचारावं की नाही कळत नव्हतं. माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याला आवाज ऐकू येतात. तो म्हणतो, कोणीतरी माझे विचार मोठ्याने बोलतंय. स्वतःचं आणि बाहेरचं यांतला फरक मेंदू असा ठरवत असेल, तर त्याच्या बाबतीत तोच बिघडला असेल का?

नीलमोहोर

बरं झालं विचारलंत. मानसोपचार हे माझं क्षेत्र नाही, म्हणून जे पक्कं प्रसिद्ध आहे तेवढंच लिहिते.

ही शंका १९७८ साली अर्विन फाइनबर्ग यांनी मांडली. विचार करणं, मनात बोलणं हीसुद्धा एक कृती. तिची प्रत नीट पोचली नाही तर स्वतःचं मनातलं बोलणं बाहेरून आल्यासारखं वाटू शकेल. नंतर ब्लेकमोर यांनी २००० मध्ये तपासलं, तेव्हा आवाज ऐकू येणाऱ्या किंवा आपल्याला कोणी चालवतंय असं वाटणाऱ्या पेशंटना स्वतःचा स्पर्श आणि दुसऱ्याचा स्पर्श जवळजवळ सारखाच जाणवला. आणि आबोलीताईंना सांगितलेल्या बोट दाबण्यासारख्या चाचणीत, २००५ साली, स्किझोफ्रेनियाचे पेशंट निरोगी लोकांपेक्षा अचूक निघाले. त्यांचा स्वतःचा जोर त्यांना कमी भासत नव्हता. आजारात एखादी गोष्ट जास्त अचूक होते आणि तीच आजाराची खूण ठरते, हे वाचून मी थांबले होते.

पण हे गटांच्या सरासरीचं बोलणं आहे. यावरून एकट्या माणसाचं निदान होत नाही, औषधं तर मुळीच बदलायची नाहीत. एवढं मात्र भावाशी वागताना धरून चाला, की त्याला आवाज खरोखर ऐकू येतो. "तुझ्या मनाचे खेळ आहेत" म्हणून त्याचं समाधान होणार नाही, कारण त्याच्या मेंदूपाशी ते आपलं असल्याची नोंदच पोचत नसेल.

कातरवेळ

धन्यवाद ताई. आईलाही हे समजावून सांगते.

दूरगावकर

अजून एक. आरशात स्वतःच्या एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात बघा. आपले डोळे हलताना आपल्याला कधीच दिसत नाहीत, समोरच्याला दिसतात. पण मोबाइलचा पुढचा कॅमेरा लावून तेच केलं तर हलताना दिसतात! मला हे आत्ता करून बघताना कळलं.

नीलमोहोर

छान पकडलंत. नजर उडते तेवढ्या क्षणापुरतं मेंदू दृश्य दाबून टाकतो. मोबाइलच्या पडद्यावर चित्र जरा उशिरा येतं, तोवर दाबण्याची वेळ टळून गेलेली असते.

चिकित्सक_८

पुन्हा मीच. हालचाल करताना त्या अवयवाची संवेदना सरसकट मंद होते, हे जुनं ज्ञान आहे. साखरेची पिशवी, गुदगुल्या, सगळं त्यातच बसत असेल तर? खरोखर अंदाज बांधला जातो याला माणसातला काही स्वतंत्र पुरावा आहे का? आणि तो जन्मतः असतो की शिकावा लागतो? मला नवीन प्रोग्रेसिव्ह चष्मा लागलाय, जिने उतरताना पायरी भलतीकडे वाटते, म्हणूनही विचारतोय.

नीलमोहोर

सरसकट मंद होणं वेगळं आणि हेही वेगळं, दोन्ही आहेत, आणि कशाचा वाटा किती यावर संशोधकांत अजून जोरात वाद चालू आहे. काहींचं तर म्हणणं आहे की अंदाजाने संवेदना दबायच्या ऐवजी स्पष्ट व्हायला हवी. पण तुमच्या प्रश्नाला मला सगळ्यात पटणारं उत्तर स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतलं आहे, कॉन्स्टॅन्टिना किल्टेनी आणि सहकाऱ्यांचं, २०१९ मधलं. त्यांनी लोकांना सतत १०० मिलिसेकंद उशिराने स्वतःचा स्पर्श दिला. काही वेळाने उशिराचा स्पर्श मंद जाणवायला लागला, आणि उशीर नसलेला, म्हणजे आयुष्यभराचा नैसर्गिक स्पर्श, जास्त गुदगुल्या करणारा वाटायला लागला. संवेदना नुसतीच मंद होत असती तर हे उलटायला नको होतं. नवा हिशोब शिकला गेला. उंदरांतही २०१८ साली असंच दिसलं. त्यांच्या प्रत्येक पावलाला एक कृत्रिम सूर जोडला, तर काही दिवसांत मेंदूचा ऐकण्याचा भाग तेवढ्याच सुराला दबायला लागला, बाकीचे सूर पूर्वीसारखेच.

म्हणजे बरंचसं शिकलेलं, आणि पुन्हा शिकता येणारं. तुमच्या चष्म्याला हेच लागू. पूर्वी डोकं एवढं वळवलं की दृश्य एवढं सरकायचं, हे प्रमाण आता बदललंय. लहान मेंदू ते नव्याने बसवतो, पण त्याला चुका मिळाल्या पाहिजेत. चष्मा घालून-काढून ठेवू नका, दिवसभर घाला, त्यात चाला, मान वळवा, वस्तू उचला. खुर्चीत बसून टीव्ही बघण्याने उशीर लागेल. जिन्यावर मात्र तोवर कठडा धरा आणि पायरी बघताना मान खाली वाकवा, नुसती नजर नको, खालचा भाग वाचायच्या नंबराचा असतो.

हेल्ड आणि हाइन यांनी १९५८ साली लोकांना दृश्य बाजूला सरकवणारे प्रिझम लावून हात हलवायला दिले होते. ज्यांनी हात स्वतः हलवला ते सरावले. ज्यांचा हात दुसऱ्याने तेवढाच हलवला ते जवळपास सरावलेच नाहीत. इंद्रायणीकाठ, हे तुमच्यासाठीही आहे. वडिलांचा हात धरून पेला तोंडाशी नेऊ नका. सांडला तरी चालेल, खाली टॉवेल अंथरा आणि त्यांना स्वतः उचलू द्या.

इंद्रायणीकाठ

उद्या सकाळच्या चहापासून सुरू करतो. कप अर्धा, कोपर टेबलावर, टीव्ही बंद. काकांना फोन करून "जोर लावा" म्हणू नका हेही सांगितलं.